डिझेल नोझलातले बुडबुडे आणि त्यांचं कॉम्प्युटर सिम्युलेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान यवतमाळ, वाशीम, अमरावती, अकोला या भागातल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पंप-नोझलचं काम करणाऱ्या मिस्त्रींसाठी आहे. मी तालुक्याच्या गावी हाच विषय शिकवतो. खालचे प्रश्न कधी वर्गात, कधी नोझलच्या दुकानात, तर कधी सोयाबीनच्या मळणीत ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला की बांधावर विचारले जातात. घाईत असाल तर निदान कोपऱ्याच्या गोलाईबद्दलचे दोन प्रश्न वाचा. माझ्या मते या विषयाचा जीव तिथे आहे.

नोझलात बुडबुडे होतात म्हणजे नेमकं काय होतं?

इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या टोकाला बारीक भोकं असतात. ट्रॅक्टरच्या नोझलात ती साधारण पाव मिलिमीटर व्यासाची, कॉमन रेलमध्ये (जास्त दाबाचं डिझेल एका नळीत साठवून सगळ्या नोझलांना देणाऱ्या व्यवस्थेत) त्याहून लहान, ०.१ ते ०.१५ मिलिमीटरच्या घरातली. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. डिझेल सुईच्या (नोझलची वाट उघड-बंद करणाऱ्या दांड्याच्या) कडेने वरून खाली येतं आणि भोकात शिरताना त्याला एकदम वळावं लागतं. भरधाव मोटारसायकल काटकोनात वळत नाही, बाहेर फेकली जाते. डिझेलचंही तसंच होतं. कोपऱ्यापाशी ते भिंत सोडतं, धार आतल्या आत आकसते, आणि आकसलेल्या जागी वेग वाढल्यामुळे दाब पडतो. तो दाब डिझेलच्या बाष्पदाबाखाली गेला की तिथे वाफ धरते. वाफेचे बुडबुडे धारेबरोबर पुढे जातात. दाब परत चढला की काही आतच फुटतात, काही भोकाच्या तोंडापर्यंत पोचतात. या सगळ्या प्रकाराला कॅव्हिटेशन म्हणतात.

डिझेल वरून येतं, म्हणून भोकाच्या वरच्या कडेला वळण जास्त तीव्र असतं आणि वाफ बहुतेक तिथेच दिसते. खालची कड त्या मानाने शांत असते. सिम्युलेशनमध्ये वर-खाली अगदी सारखी वाफ आली, तर आधी भूमिती तपासा. भोकाचा तिरकेपणा बहुतेक तुम्ही काढलेलाच नसतो.

डिझेल तर १८० अंशांच्या पुढे उकळतं. मग इथे वाफ कशी?

तो आकडा वातावरणाच्या दाबाचा आहे. चाळीस अंशांच्या डिझेलचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. कोपऱ्यापाशी दाब तितका खाली जातो, म्हणून गरम न करताच वाफ होते. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाने बाष्पदाब थोडा वाढतो, पण शेकडो बारच्या दाबापुढे (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) त्याने फारसा फरक पडत नाही. उष्णतेचा खरा परिणाम चिकटपणावर होतो. तो कमी होतो आणि धार कोपऱ्यापाशी आणखी सहज सुटते.

आमच्या ट्रॅक्टरला साधा पंप आहे, कॉमन रेल नाही. आम्हाला हे लागू आहे का?

आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि तिथे कॉमन रेल आली. आपल्या गावांत चालणारे बहुतेक ट्रॅक्टर ५० च्या आतले, साध्या यांत्रिक पंपाचे. कॉमन रेलमध्ये दाब दोन हजार बारच्या आसपास जातो. साध्या पंपात नोझल साधारण दोनशे बारला उघडतं, आणि फवारा चालू असताना लाइनमधला दाब त्याच्याही वर चढतो.

एक हिशेब वहीत करून बघा. नोझलमागे ४०० बार, सिलिंडरमध्ये ५० बार, म्हणजे फरक ३५० बार. डिझेलची घनता घनमीटरला ८३० किलो धरा. दाबाच्या फरकाची दुप्पट करा, घनतेने भागा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सेकंदाला सुमारे २९० मीटर. एक मिलिमीटरचं भोक डिझेल साडेतीन मायक्रोसेकंदांत पार करतं. या वेगाला धारदार कोपऱ्यावर वाफ होतेच, त्यासाठी कॉमन रेलची गरज नाही.

बुडबुडे वाईटच असतात ना?

तसं सरसकट म्हणता येत नाही. भोकाच्या तोंडाशी फुटणारे बुडबुडे धार विस्कटतात, त्यामुळे डिझेलचे थेंब बारीक होतात, हवेत लवकर मिसळतात. भोकात साचणारा कोक, म्हणजे जळक्या डिझेलचा काळा थरही त्यांच्या माऱ्याने काही प्रमाणात निघतो. दुसरीकडे, वाफेने भोकाची जागा अडवली की तेवढं डिझेल कमी जातं. बुडबुडा भिंतीला लागून फुटला तर तिथे क्षणभर प्रचंड दाब तयार होतो आणि पोलाद खड्डे पडून झिजतं. बुडबुडा फुटताना दाब किती चढू शकतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. त्यांच्यासमोर प्रश्न जहाजांच्या पंख्यांचा होता. पुढे प्लेसेट यांनी १९४९ मध्ये ते समीकरण वाढवलं, आणि आज आपण वापरतो त्या बहुतेक मॉडेलांच्या पोटात तेच समीकरण आहे.

डिझेल नोझलच्या भोकात वाफ होते हे बर्गवर्क यांनी १९५९ मध्येच प्रयोगाने दाखवलं होतं. म्हणजे विषय नवा नाही. कॉम्प्युटरची ताकद त्याला अलीकडे मिळाली.

टेस्टरवर धार दिसते की. कॉम्प्युटर कशाला?

टेस्टर, म्हणजे नोझल मारून बघायचा हातपंप, फार उपयोगाचा आहे आणि त्याची जागा सिम्युलेशन कधीच घेणार नाही. नोझल किती दाबाला उघडतं, चर्र आवाज नीट येतो का, दाब धरून ठेवल्यावर टोक टपकतं का, सगळी भोकं सारखी मारतात का, हे मिस्त्रीला अर्ध्या मिनिटात कळतं.

पण टेस्टर आणि इंजिन यांत एक मोठा फरक आहे. टेस्टरवर धार उघड्या हवेत, म्हणजे एक बार दाबात सुटते. इंजिनात ती कॉम्प्रेशन झालेल्या, चाळीस-पन्नास बार दाबाच्या हवेत सुटते. समोरचा दाब जितका कमी, तितकं कॅव्हिटेशन सोपं. शिवाय हाताच्या दांड्याने मारताना सुई पूर्ण उचलत नाही, थरथरत उघड-बंद होते, आणि बराचसा दाब सुई जिथे टेकते त्या सीटवरच खर्ची पडतो. म्हणून टेस्टरवरची धार बघून इंजिनात भोकाच्या आत काय चाललंय ते सांगता येत नाही. पोलादातून आरपार बघायचं तर एक्स-रे लागतात, आणि तेही साधे नव्हेत. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन या प्रचंड यंत्रातून निघणाऱ्या तीव्र एक्स-रेने असं काम चालतं. आपल्याला ते परवडणारं नाही. कॉम्प्युटर परवडतो.

कॉम्प्युटर नेमकं काय सोडवतो?

नोझलची आतली जागा लाखो बारीक घरांत वाटतो. प्रत्येक घरात दाब, वेग, आणि घराचा किती भाग वाफेने भरलाय हे तीन आकडे ठेवतो. मग वस्तुमान आणि संवेग यांचा ताळा प्रत्येक घरात जमवत, अतिशय छोट्या पावलांनी काळ पुढे सरकवतो. अवघड भाग एकच: द्रव आणि वाफ यांच्या घनतेत हजारो पटींचा फरक असतो, आणि एका घरातून शेजारच्या घरात जाताना हा सगळा फरक एका उडीत येऊ शकतो.

त्यात आवाजाच्या वेगाची भानगड आहे. डिझेलमध्ये आवाज सेकंदाला तेराशे-चौदाशे मीटर जातो. पण द्रवात बुडबुडे मिसळले की तो कोसळतो. पाणी आणि हवा निम्मी-निम्मी मिसळली, तर वातावरणाच्या दाबाला त्या मिश्रणात आवाज फक्त वीस-बावीस मीटरने जातो. पाण्यात तो १४८० आणि हवेत ३४०, आणि मिश्रणात मात्र दोघांहून कितीतरी कमी. नोझलातही वाफेच्या पट्ट्यात हेच घडतं. त्यामुळे तिथला प्रवाह सहज आवाजाच्या वेगापुढे जातो आणि समोरच्या दाबाची खबर मागे पोचत नाही. मग सिलिंडरमधला दाब आणखी कमी केला तरी प्रवाह वाढत नाही. याला आपण प्रवाह चोक झाला म्हणतो.

कुठलं कॅव्हिटेशन मॉडेल घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याला दिलं जातं तेवढं महत्त्व मला पटत नाही. तरी सांगतो. मॉडेल म्हणजे वाफ कधी आणि किती होते हे कॉम्प्युटरला सांगणारं गणित.

पहिला प्रकार समतोल मॉडेलचा. इथे घनता फक्त दाबावर ठरते: दाब बाष्पदाबाच्या वर असेल तर द्रव, खाली गेला तर मिश्रण. जुळवाजुळवीचे गुणांक फारसे नाहीत, म्हणून विद्यार्थ्याला फसायला जागा कमी. ओपनफोम या फुकट सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधला कॅव्हिटेटिंगफोम हा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) या जातीचा, आणि त्याच्या सोबत येणारं ‘थ्रॉटल’ हे उदाहरण जवळजवळ आपल्याच विषयावरचं आहे. सुरुवात तिथून करा.

दुसऱ्या प्रकारात वाफेच्या प्रमाणासाठी वेगळं समीकरण असतं, आणि वाफ होण्याचा व विरण्याचा दर रॅले-प्लेसेटवरून काढलेला असतो. श्नेर आणि साउअर यांचं २००१ चं मॉडेल आणि झ्वार्ट, गर्बर, बेलामरी यांचं २००४ चं मॉडेल, ही दोन सर्वांत जास्त वापरात आहेत. झ्वार्टमध्ये वाफ होण्याचा गुणांक ५० आणि विरण्याचा ०.०१ असतो. हे आकडे विश्वास ठेवून तसेच घेतले जातात, पण ते वेगळ्या प्रवाहांवरून ठरवलेले आहेत. नोझलात ते चालतात की नाही हे तुम्हालाच तपासावं लागतं. श्नेर-साउअरमध्ये एका घनमीटरात बुडबुड्यांची किती बीजं (बुडबुडे जिथून धरतात त्या सूक्ष्म जागा) आहेत ते द्यावं लागतं, म्हणजे एकावर तेरा शून्यं अशा घरातला आकडा. आपल्या ड्रममधल्या डिझेलात किती बीजं आहेत हे कोणी मोजलेलं नसतं. म्हणून हा आकडा दहा पटींनी वर आणि खाली करून बघा. उत्तर हललं तर अहवालात तसं लिहा.

तिसरा प्रकार उशिराने समतोलाला येणारा, वाफ होण्याला थोडा वेळ देणारा. तो चांगला आहे, पण पहिल्या प्रोजेक्टला नको.

आणि टर्ब्युलन्सचं?

टर्ब्युलन्स म्हणजे प्रवाहातली भोवऱ्यांची खळबळ. तिच्यासाठी के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल घ्या, आणि वाफेच्या भागात टर्ब्युलंट चिकटपणा कमी करणारी रेबू यांची दुरुस्ती लावा. ती नसेल तर वाफेचा पट्टा भिंतीला चिकटून गप्प बसतो. खऱ्या नोझलात तो फडफडतो, त्याचे तुकडे सुटतात. मोठे भोवरे थेट सोडवणारी एलईएस पद्धत जास्त खरं उत्तर देते, पण तिला लागणारी घरांची जाळी घरच्या मशीनवर झेपत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर होईल का? मोठा सर्व्हर नाही.

दोन मितींत नक्की होईल. पाव मिलिमीटरचं भोक पाच मायक्रॉनच्या घरांनी भरलं तर आडवी पन्नास घरं आणि लांबीला दोनशे. मागची-पुढची जागा धरून तीस-चाळीस हजार घरं पुरतात. वेग २९० मीटर असेल तर एक घर ओलांडायला सतरा नॅनोसेकंद लागतात, म्हणून काळाचं पाऊल दहा नॅनोसेकंद ठेवा. आवाजाच्या लाटाही पकडायच्या असतील तर तीन-चार नॅनोसेकंद. प्रवाह स्थिरावायला भोक पन्नासेक वेळा रिकामं होऊन भरलं पाहिजे, म्हणजे सुमारे १७० मायक्रोसेकंद. दहा नॅनोसेकंदांच्या पावलाने हिशेब केला तर सतरा हजार पावलं. चार कोअरच्या साध्या मशीनवर हे रात्री लावून ठेवण्यासारखं काम आहे.

लाइट जाते, ही आपली खरी अडचण. म्हणून निकाल डिस्कवर दर थोड्या पावलांनी लिहायला लावा आणि ‘शेवटच्या वेळेपासून सुरू’ हा पर्याय आधीच भरून ठेवा. जुने निकाल आपोआप पुसण्याची सोयही चालू करा, नाहीतर डिस्क भरून सगळंच थांबतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर लावून त्याप्रमाणे रन लावणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं काम वेळेत पूर्ण होतं.

तीन मितींत एक भोक आणि त्याच्या वाटणीचा सॅकचा (सुईखालच्या छोट्या पोकळीचा) तुकडा घेतला तरी घरं दहा-वीस लाखांवर जातात. तिथे कॉलेजच्या लॅबमधली मशीनं जोडून काम करावं लागेल, किंवा राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधल्या ‘परम’ नावाच्या एखाद्या सुपरकॉम्प्युटरवर गाइडच्या मार्फत वेळ मागावा लागेल.

कोपऱ्याची गोलाई इतकी का महत्त्वाची?

कारण सगळा खेळ तिथून सुरू होतो. भोकाची आतली कड धारदार असेल तर धार आकसून भोकाच्या क्षेत्रफळाच्या ६१ टक्क्यांवर येते. कड गोल केली की आकसणं कमी होतं. नूरिक यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत याचा साधा हिशेब आहे: ०.६१ च्या वर्गाने एकाला भागा, त्यातून गोलाईची त्रिज्या भागिले व्यास गुणिले ११.४ एवढं वजा करा, उरलेल्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने एकाला भागा. हाच आकसण्याचा गुणांक.

पाव मिलिमीटरच्या भोकाला हे लावू. त्रिज्या पाच मायक्रॉन असेल तर उत्तर ०.६४. पंचवीस मायक्रॉन असेल तर ०.८०. म्हणजे भोक तेच, दाब तोच, फक्त आतली कड वीस मायक्रॉनने जास्त गोल झाली आणि प्रवाह सव्वापट झाला. आता दोन मॉडेलांमधला फरक काढून बघा. त्याच भूमितीवर श्नेर-साउअर आणि झ्वार्टचा प्रवाह सहसा काही टक्क्यांनीच वेगळा येतो. विद्यार्थी मात्र मॉडेलांच्या तुलनेत पूर्ण सत्र घालवतात आणि कोपरा कॅडमध्ये काटकोनी काढून मोकळे होतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत तेवढीच लागते आणि चुकीच्या जागी जाते.

कारखान्यात ही कड मुद्दाम गोल करतात. वाळूसारखे अतिबारीक कण मिसळलेलं तेल दाबाने भोकातून फिरवतात, त्याने कड घासली जाते. भोक तोंडाकडे निमुळतंही करतात. निमुळतेपणाचा के-फॅक्टर म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या व्यासातला मायक्रॉनमधला फरक भागिले दहा. के १.५ म्हणजे पंधरा मायक्रॉनचा फरक. अशा भोकात कॅव्हिटेशन जवळपास बंद होतं.

शेतावर हेच काम मातीने होतं. कॅनमधून, चाडीतून, फाटक्या फडक्यातून गाळलेल्या डिझेलात धूळ असते. काळ्या मातीचा बारीक कण फिल्टरमधून सुटला की सुई घासतो, सीट घासतो आणि भोकाची कडही घासतो. जुनं नोझल नव्यापेक्षा जास्त डिझेल सोडतं आणि ट्रॅक्टर धूर मारतो, त्याचं एक कारण या झिजलेल्या कडेत असू शकतं.

मग ही गोलाई मोजायची कशी? आमच्याकडे कुठलं यंत्र आहे?

दोन मार्ग आहेत. पहिला, नोझल कापणं. भंगारात निघालेलं नोझल घ्या, वायर-कटवाल्याकडून भोकाच्या मधोमध उभं कापून घ्या, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर घासा आणि धातुशास्त्राच्या लॅबमधल्या मायक्रोस्कोपखाली ठेवा. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत वायर-कट मिळतं. काप भोकाच्या मध्यातूनच जायला हवा. बाजूने गेला तर कड आहे त्यापेक्षा गोल दिसते.

दुसरा मार्ग नोझल न मोडता. पातळ सिलिकॉन रबर, दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात त्याच जातीचं, आतून दाबाने भरायचं. त्याआधी नोझल रॉकेलने आणि मग अल्कोहोलने धुऊन पूर्ण कोरडं करायचं. सिलिकॉन घट्ट झालं की हळूच ओढून काढायचं. सॅकचा एक छोटा गोळा येतो आणि त्यावर भोकांचे काट्यासारखे उंचवटे. मायक्रोस्कोपखाली त्या काट्याच्या मुळाशी असलेली वळणदार रेघ म्हणजेच आपली गोलाई. फोटो काढा, त्यावर वर्तुळ बसवा, त्रिज्या वाचा. काही काटे ओढताना तुटतात, म्हणून एकाच नोझलाचे दोन-तीन साचे काढावेत. जगभरच्या संशोधनात ही पद्धत वापरली जाते आणि ती तालुक्याच्या कॉलेजात होण्यासारखी आहे.

एकाच नोझलाच्या चार भोकांच्या गोलाया सारख्या निघतील ही अपेक्षा ठेवू नका.

जाळी किती बारीक असावी?

गोलाईच्या कमानीवर निदान आठ-दहा घरं बसली पाहिजेत. त्रिज्या वीस मायक्रॉन असेल तर कमान साधारण तीस मायक्रॉनची होते, म्हणजे तिथे तीन मायक्रॉनची घरं. बाकी भोकात पाच चालतात. मग सगळी घरं निम्मी करून तोच रन परत लावा. प्रवाह दोन टक्क्यांहून जास्त हलला तर आधीची जाळी अपुरी होती.

उत्तर बरोबर आलं हे कसं ओळखायचं?

रंगीत चित्रावरून तर अजिबात नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा क्रम देतो.

आधी आत गेलेलं आणि बाहेर आलेलं डिझेल सारखं आहे का बघा. मग नूरिकचा हिशेब करा: मागच्या दाबातून बाष्पदाब वजा करा, त्याला दाबाच्या फरकाने भागा, वर्गमूळ काढा, आणि आकसण्याच्या गुणांकाने गुणा. आपल्या ४०० आणि ५० बारच्या उदाहरणात, धारदार कडेला, प्रवाह-गुणांक (खरा प्रवाह भागिले आदर्श प्रवाह) ०.६५ येतो. सिम्युलेशन याच्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी प्रकाशित प्रयोगाची. विंकलहोफर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सुमारे ०.३ मिलिमीटर उंच आणि एक मिलिमीटर लांब अशी सपाट फट काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवली. मागे १०० बार कायम ठेवले, समोरचा दाब उतरवत नेला, आणि वाफेचे फोटो, वेग आणि प्रवाह सगळं मोजलं. सपाट असल्यामुळे दोन मितींच्या सिम्युलेशनला हा प्रयोग सर्वांत सोयीचा. प्रवाह कुठे चोक होतो ते तुमच्या आलेखात त्याच जागी आलं पाहिजे. खऱ्या नोझलसाठी इंजिन कंबश्चन नेटवर्क या संशोधकांच्या गटाची स्प्रे-सी आणि स्प्रे-डी ही नोझलांची जोडी आहे. सी सरळ भोकाचं, कॅव्हिटेशन होणारं. डी निमुळतं आणि गोल कडेचं, कॅव्हिटेशन टाळणारं. त्यांची मोजलेली भूमिती इंटरनेटवर खुली आहे.

शेवटची पायरी आपल्याच इंजिनाची. ४५ अश्वशक्ती म्हणजे ३३ किलोवॅट, तीन सिलिंडर, २००० आरपीएम. किलोवॅट-तासाला २५० ग्रॅम डिझेल धरलं तर तासाला सव्वाआठ किलो. तासाला तीन सिलिंडर मिळून १,८०,००० वेळा फवारा उडतो. म्हणजे एका फवाऱ्यात ४६ मिलिग्रॅम, सुमारे ५५ घनमिलिमीटर. आता पाव मिलिमीटरची चार भोकं, २९० मीटरचा वेग आणि ०.६५ चा गुणांक लावा: मिलिसेकंदाला ३७ घनमिलिमीटर. म्हणजे फवारा दीड मिलिसेकंद चालला पाहिजे, आणि इतक्या आरपीएमला ते अठरा अंश क्रँक होतात. सगळे आकडे एकमेकांना धरून आहेत. असा ताळा जुळला की सिम्युलेशनवर भरवसा ठेवायला मन तयार होतं.

रन मध्येच फुटतो. दाब उणे दाखवतो.

बहुतेक वेळा कारण बाहेरच्या सीमेवर, म्हणजे सिम्युलेशनची जागा जिथे संपते तिथे असतं. सीमा भोकाच्या तोंडाला लावली तर वाफ सीमेवरच येऊन धडकते. समोर भोकाच्या दहा-पंधरा व्यासांएवढी मोकळी जागा ठेवा. पूर्ण दाबाने एकदम सुरू करू नका, मागचा दाब काही मायक्रोसेकंदांत चढवत न्या. तरी फुटला तर काळाचं पाऊल निम्मं करा. दाबाला खालून कापणारी मर्यादा घालून गाडं पुढे रेटण्याचा मोह टाळा. त्याने रन पूर्ण होतो, पण वाफेचं प्रमाण खोटं येतं.

सुई वर-खाली होते ती कशी दाखवायची?

पहिल्या प्रोजेक्टात सुई पूर्ण उघडी आणि स्थिर ठेवा. हलती सुई घ्यायचीच तर फट शून्यावर नेता येत नाही, कारण घरं चिरडतात. पाच-दहा मायक्रॉनच्या फटीपासून सुरुवात करतात. सुई कमी उचललेली असताना सॅकमध्ये भोवरे तयार होतात आणि त्यांच्या पोटात दोरीसारखी वाफ धरते, कधी एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत. ती फक्त तीन मितींत दिसते.

डिझेलात रॉकेल मिसळलं असेल तर?

रॉकेलचा चिकटपणा कमी आणि बाष्पदाब डिझेलपेक्षा जास्त. कॅव्हिटेशन लवकर सुरू होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे सुई आणि पंपाचं प्लंजर कोरडं चालतं, कारण त्यांना वंगण डिझेलचंच असतं. सिम्युलेशनमध्ये घनता, चिकटपणा आणि बाष्पदाब हे तीन आकडे बदलून कॅव्हिटेशनचा भाग दिसतो. प्लंजर झिजण्याचा भाग त्यात दिसत नाही, आणि शेतकऱ्याचं मोठं नुकसान तिथे होतं.

करंजाच्या बायोडिझेलवर प्रोजेक्ट करावा का?

जरूर करा, करंज आपल्या नाल्याकाठी भरपूर आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा जड, जास्त चिकट आणि वाफ व्हायला नाखूश. त्यामुळे त्याच नोझलात कॅव्हिटेशन कमी होतं आणि थेंब जाडे पडतात. डिझेलसाठी चाळीस अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक्स चिकटपणाची मर्यादा आहे. करंजाचं कच्चं तेल त्याच्या कितीतरी पट चिकट असतं, ते थेट टाकीत घालू नये. चिकटपणा पुस्तकातून उचलू नका, आपल्याच नमुन्याचा रेडवुड व्हिस्कोमीटरवर मोजा. ते यंत्र जवळपास प्रत्येक मेकॅनिकल लॅबमध्ये असतं.

नोझल कुठे झिजेल ते सांगता येतं का?

जागा बऱ्यापैकी सांगता येते. बुडबुडे जिथे वारंवार फुटतात तिथल्या भिंतीवर दाबाचे ठोके नोंदवून ठेवले की धोक्याचे पट्टे दिसतात. किती तासांनी खड्डा पडेल हे सांगणारं कुठलंही चित्र आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी पोलादाचा कडकपणा, उष्णतोपचार, डिझेलमधलं पाणी असं बरंच काही लागतं.

“भाऊ, हे कॉम्प्युटरवर पाहून आमच्या दुकानात काय फरक पडन?”

उद्याच्या उद्या काही नाही. पण तुमच्या दुकानातलं भंगार आमच्यासाठी सोनं आहे. कुठल्या ट्रॅक्टरचं, किती तास चाललेलं, काय तक्रार घेऊन आलेलं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून नोझल पिशवीत टाकून ठेवा. विद्यार्थी त्याचा साचा काढेल, गोलाई मोजेल आणि तुम्हाला सांगेल की चार भोकांपैकी कुठलं किती झिजलं. शिम (स्प्रिंगखालची पातळ चकती) बदलून उघडण्याचा दाब जागेवर येतो, झिजलेली कड येत नाही. गिऱ्हाइकाला नवीन नोझल घ्यायला सांगायचं की जुनंच बसवायचं, हे तेव्हा मोजमाप दाखवून सांगता येईल. आपल्या भागातल्या झिजलेल्या नोझलांची अशी नोंद झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजी कच्चं आहे. शिकायचं कुठून?

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमवर स्पोकन ट्यूटोरियल केले आहेत, ते फुकट आहेत. ओपनफोम आणि निकालांची चित्रं दाखवणारं पॅराव्ह्यू, दोन्ही फुकट. आधी साध्या पाइपमधला प्रवाह सोडवा, मग थ्रॉटल, मग विंकलहोफर. हा क्रम मोडू नका.

विद्यार्थ्याने टेस्टरवर स्वतः नोझल मारून बघावं का?

मिस्त्री शेजारी उभा असेल तरच. फवाऱ्यासमोर हात कधीही धरायचा नाही, भोकं तपासायला पुठ्ठा धरायचा, डोळ्याला चष्मा लावायचा. दोनशे बारची धार कातडी फोडून आत शिरते. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल काही तासांत बोट सडवू शकतं. असं झालं तर हळद किंवा मलम लावून घरी थांबू नका. लगेच सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाने डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.